साखर उतरली, एलडीएल चढलं. आता डाएट सोडू का तूप?

प्रश्न

नमस्कार डॉक्टर. मी देगलूरचा, वय ४७. कापडाचं दुकान आहे, दिवसभर गादीवर बैठक. चार वर्षांपासून शुगर आहे. माझे साडू निजामाबादला राहतात. तिकडं जोरात चाललेलं एक डाएट त्यांनी मला सांगितलं: भाकरी, पोळी, भात, वरण, फळं, साखर सगळं बंद आणि पोट भरायला रोज ७० ते १०० ग्रॅम फॅट. आठ महिने झाले, तेच खायलो. सकाळी कॉफीत दोन मोठे चमचे खोबरेल तेल, दिवसभरात तीन मोठे चमचे घरचं साजूक तूप, तीन अंडी, दीडशे ग्रॅम पनीर, बाकी भाज्या. वजन ८४ चं ७३ झालं, दोन महिन्यांपासून तिथंच आहे. तीन महिन्यांची शुगर ८.१ होती, आता ६.३.

पण लिपिडचा रिपोर्ट बिघडला. डाएटच्या आधी: टोटल २०४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३०, एचडीएल (चांगलं म्हणतात ते कोलेस्टेरॉल) ३६, एलडीएल (वाईट म्हणतात ते) १२२. आता: टोटल २५४, ट्रायग्लिसराइड ९५, एचडीएल ४७, एलडीएल १८८. आमच्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल उतरवायची स्टॅटिनची गोळी लिहून दिली. साडू म्हणायलेत, गोळीला हात लावू नका, कोलेस्टेरॉल हे कंपन्यांनी घातलेलं भ्या आहे, तुमचं एलडीएल चांगल्या जातीचं आहे. लॅबचीच चूक असेल का? डाएट सोडावं का? माझ्या वडिलांना ५४ व्या वर्षी अटॅक आला होता, म्हणून मनात धाकधूक आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या पहिल्यापासून तशाच चालू आहेत. अलीकडं सकाळी अकराच्या सुमाराला हात थरथरतात, दरदरून घाम येतो, काहीतरी खाल्लं की बरं वाटतं. शरीराला फॅटची सवय होताना असं होतं म्हणे.

ता. क. मिसेस म्हणायल्यात, घरात दोन-दोन स्वयंपाक किती दिवस करायचे? आणि तेल कोणतं आणायचं, तेही विचारा.

उत्तर

कोलेस्टेरॉलचं नंतर बघू. तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. हात थरथरणं, घाम सुटणं आणि खाल्ल्यावर बरं वाटणं ही साखर खाली घसरल्याची लक्षणं आहेत, फॅटची सवय होण्याची नाहीत. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते. तुम्ही भाकरी खाल्ली आहे की नुसती तेलाची कॉफी प्यायला आहात, हे त्या गोळीला कळत नाही. ताटातला पिठूळ भाग गेला आणि गोळीचा डोस मात्र तोच राहिला, मग साखर जाणार कुठं? पुढच्या वेळी थरथर सुरू झाली की लगेच ग्लुकोमीटर लावा. आकडा ७० च्या खाली असेल तर डाएट बाजूला ठेवा, पाण्यात तीन चमचे साखर घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मोटारसायकलवर असाल तर आधी कडेला थांबा. आणि हे वाचून झालं की आजच डॉक्टरांना फोन करा, उद्यावर टाकू नका. ग्लिमेपिराइड कमी करायची का बंद करायची, ते तेच सांगतील. मेटफॉर्मिननं एकटीनं साखर अशी घसरत नाही, त्यामुळे ती बहुतेक चालू राहील.

दुसऱ्या वाचकांसाठीही इथंच सांगून टाकतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न सांगता भाकरी-भात बंद करू नये. ज्यांच्या चिठ्ठीत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी आहे, त्यांनी तर असं कडक डाएट परस्पर मुळीच धरू नये. या गोळ्यांवर असताना कार्बोहायड्रेट फार कमी केलं तर रक्तात आम्ल साठतं, आणि फसवणूक अशी की त्या वेळी साखर फारशी वाढलेलीही नसते. मळमळ, पोटदुखी, धाप लागते आणि माणूस अॅसिडिटी समजून घरीच बसतो.

आता रिपोर्ट. लॅबची चूक आहे का, हे तुम्ही गल्ल्यावर बसून पडताळू शकता. आपल्याकडच्या बऱ्याच रिपोर्टांत एलडीएल थेट मोजलेलं नसतं, हिशेबानं काढलेलं असतं. १९७२ पासून चालत आलेलं सूत्र आहे: टोटलमधून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइडला पाचानं भागून तेही वजा करा. तुमचे आताचे आकडे घ्या. २५४ मधून ४७ गेले, २०७ राहिले. ९५ चा पाचवा हिस्सा १९. उरले १८८. आधीच्या रिपोर्टचंही तसंच करा, १२२ येतील. हिशेब चोख आहे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असतील तर हे सूत्र चालत नाही, पण तुमचे तर ९५ आहेत.

यावर साडूंचा एक मुद्दा येईल, तो मीच मांडतो. ट्रायग्लिसराइड उतरले की त्या खात्यातलं कोलेस्टेरॉल एलडीएलच्या खात्यात दिसायला लागतं, म्हणजे ही नुसती खातेबदल आहे. मुद्दा अगदीच खोटा नाही. म्हणूनच मधला तो २०७ चा आकडा महत्त्वाचा. टोटलमधून फक्त एचडीएल वजा केल्यावर जे उरतं, त्याला नॉन-एचडीएल म्हणतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरू शकणाऱ्या सगळ्या कणांमधलं कोलेस्टेरॉल त्यात येतं, खातं कोणतंही असो. तुमचं हे आधी १६८ होतं, आता २०७ आहे. नुसती खातेबदल असती तर हा आकडा जागेवर राहिला असता. तो ३९ नं वाढलाय, म्हणजे माल खरंच वाढलाय.

वजन उतरत असताना अंगातली चरबी वितळते आणि तेवढ्या काळापुरतं कोलेस्टेरॉल वर जाऊ शकतं, हेही खरं आहे. पण तुमचं वजन दोन महिन्यांपासून स्थिर आहे. ती सबब तुम्हाला मिळत नाही.

डाएट सोडावं का, याचं माझं उत्तर थोडं आडवं आहे. तुम्ही आठ महिने दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली केल्यात. एक, पिठूळ आणि गोड पदार्थ काढले. दोन, त्यांच्या जागी तूप-खोबरेल ओतलं. वजन, शुगर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल यांत जे सुधारलं, ते पहिल्या गोष्टीनं. एलडीएल बिघडलं ते मुख्यतः दुसरीनं. पहिली ठेवा, दुसरी टाका. एकीचा फायदा घ्यायला दुसरी लागते, असं काही नाही.

पहिल्या गोष्टीचं कौतुक मात्र पोटभर करतो. ८.१ वरून ६.३ हा नुसत्या गोळ्यांनी सहज मिळणारा आकडा नाही. आपल्या ताटात पीठ फार असतं. आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे २०२५ साली आलेले आकडे सांगतात की आपल्याकडे दिवसभराच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कार्बोहायड्रेटमधून येतात. सकाळी सुशीला किंवा पोहे, दुपारी तीन भाकरी, चहा-बिस्किटं, रात्री पुन्हा पोळ्या आणि भात असं चालतं आणि बैठं काम असलेल्याचे ट्रायग्लिसराइड २३० होतात. जास्तीच्या पिठाचे आणि साखरेचे ट्रायग्लिसराइड यकृतच बनवतं. पीठ कमी केलं की ते उतरतात आणि मागोमाग एचडीएल थोडं वर येतं. तुमच्या रिपोर्टात हे पुस्तकात छापावं इतकं स्वच्छ दिसतंय. साडूंनी तुमचं इतकं भलं केलंच, ते नाकारायचं कारण नाही. (कित्येक जण याच्यात दीक्षितांचं डाएटही कालवतात. ते किती वेळा जेवायचं याबद्दल आहे, तेल प्यायचं त्यात नाही.)

मग एलडीएल का चढलं? रक्तातले एलडीएलचे कण मुख्यतः यकृत उचलून घेतं. यकृताच्या पेशींवर त्यासाठी ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे कण धरून आत घेणारे रेणू, असतात. मोंढ्यात गाड्या लागल्या आणि हमाल भरपूर असले की माल पटापट उतरतो, गाड्या मोकळ्या होतात. तूप, खोबरेल, पाम तेल, साय यांतली संपृक्त चरबी ही हमालांची संख्या कमी करते. गाड्या मग रस्त्यावरच उभ्या राहतात, आणि इथं रस्ता म्हणजे तुमच्या हृदयाची रक्तवाहिनी. करडई, सूर्यफूल, शेंगदाणा, तीळ यांच्या तेलात असंपृक्त चरबी जास्त असते. संपृक्त काढून तिच्या जागी ही आली की हमाल पुन्हा कामावर येतात. हे ग्राहक शोधून काढणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन या दोघांना १९८५ चं नोबेल मिळालं. त्यांनी ज्या मुलांचा अभ्यास केला, त्यांच्यात हे ग्राहक जन्मतःच नव्हते किंवा निकामी होते. साखर नाही, बिडी-तंबाखू नाही, पोट सुटलेलं नाही, तरी अशा मुलांना शाळेच्या वयात हार्ट अटॅक येतात. कोलेस्टेरॉल हे नुसतं घातलेलं भ्या आहे म्हणणाऱ्यांनी या मुलांचं काय ते सांगावं.

आता तुमच्या ताटाचा हिशेब करू. मोठा चमचा तूप म्हणजे साधारण १३ ग्रॅम. तीन चमच्यांचे ४० ग्रॅम धरा. तुपात ६० टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी असते, म्हणजे झाले २५ ग्रॅम. दोन मोठे चमचे खोबरेल म्हणजे २७ ग्रॅम, आणि त्यात जवळजवळ ९० टक्के संपृक्त. आणखी २४ धरा. दीडशे ग्रॅम सायीच्या दुधाचं पनीर, त्याचे २० च्या आसपास. तीन अंड्यांचे पाच. एकूण सत्तरच्या पुढं गेलो, कॉफीतलं दूध धरलेलंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत राहायची आहे. १८०० उष्मांक धरले तर ती मर्यादा २० ग्रॅमवर येते. तुम्ही साडेतीन पट घेताय.

यात अंडी किती थोडी आहेत, ते बघितलंत का? लोक आधी अंड्याचं पिवळं फेकतात आणि तुपाची वाटी तशीच ठेवतात. एका अंड्यात १८० मिलिग्रॅमच्या वर कोलेस्टेरॉल असतं खरं, पण बहुतेकांमध्ये खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबी रक्तातलं एलडीएल जास्त वाढवते. अमेरिकेच्या आहार मार्गदर्शिकेनं रोज ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा २०१५ नंतर काढूनही टाकली. तुम्ही शुगरचे पेशंट आहात, म्हणून मी दोन अंड्यांवर थांबा म्हणेन. पण तुमच्या १८८ चा गुन्हेगार अंडं नाही.

घरचं तूप शुद्ध असतं, हे मान्य. शुद्ध म्हणजे त्यात डालडा नाही, पाम नाही. पण त्यानं तुपातली संपृक्त चरबी कमी होत नाही. खोबरेलचंही तेच. ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असं डब्यावर लिहितात ते खरंच असतं, कारण कुठल्याच वनस्पती तेलात म्हणावं असं कोलेस्टेरॉल नसतं. पाण्याच्या बाटलीवर ‘बिनसाखरेचं’ लिहावं, तसं आहे ते. खोबरेल आणि बाकीची साधी वनस्पती तेलं यांची तुलना करणाऱ्या चाचण्या एकत्र करून बघितल्या, तर खोबरेलवाल्यांचं एलडीएल जास्त निघतं. केरळात पिढ्यान्‌पिढ्या खातात, हा युक्तिवाद मला दर आठवड्याला ऐकवतात. केरळात ते माशाच्या कालवणात घालतात, कॉफीत घालून पीत नाहीत.

‘चांगल्या जातीचं एलडीएल’ याबद्दल. म्हणणं असं की लो-कार्बमध्ये एलडीएलचे कण मोठे, हलके होतात आणि मोठा कण निरुपद्रवी. कण मोठे होतात, हे बरोबर. निरुपद्रवी होतात, हे नाही. मोठे कणही भिंतीत शिरतात. एकूण कण किती आहेत, त्याला महत्त्व आहे. ते बघायचं तर एपो-बी नावाची तपासणी असते, कारण अशा प्रत्येक कणावर एपो-बीचा एकच रेणू असतो. साडूंचं समाधान होत नसेल तर एकदा करून घ्या. नॉन-एचडीएल २०७ असताना ती चांगली येईल, असं मला वाटत नाही. एचडीएल ४७ झालं म्हणून एलडीएलचं माफ, असंही नसतं. एचडीएल वाढवणारी औषधं काढून बघितली, आकडा वाढला, अटॅक काही कमी झाले नाहीत.

आता मिसेसचा तेलाचा प्रश्न, आणि हा माझ्या आवडीचा आहे. तेलासाठी आपल्याला केरळाकडं बघायची गरज नव्हती. रब्बीच्या ज्वारीभोवती काटेरी करडईचे तास, म्हणजे ओळी, असायचे. जनावरं आत शिरायची नाहीत आणि वर्षाचं तेलही निघायचं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’सारखे करडईचे वाण दिले. पुढं खरिपात सोयाबीन आलं, रब्बीत हरभरा वाढला, करडई मागं पडली आणि घराघरांत पामची पिशवी आली. करडईच्या तेलात संपृक्त चरबी ८ टक्क्यांच्या आसपास असते. सूर्यफुलात ११, सोयाबीन आणि तिळात १५, शेंगदाण्यात १७ ते २०. पाममध्ये निम्मी. गरम भरतावर किंवा पिठल्यावर कच्चं करडईचं तेल सोडायची आपली पद्धत होती, ती पुन्हा सुरू करा. फोडणीला शेंगदाणा तेल. दोन्ही आलटूनपालटून. लाकडी घाण्याचं परवडत असेल आणि घाणेवाला ओळखीचा असेल तर चांगलंच, पण घाण्यानं तेलातल्या चरबीची जात बदलत नाही. मोजून वापरायचं ते वापरायचंच. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका, करडईचं तर नाहीच.

साडू वाचणारे असतील तर इथं सिडनीची एक जुनी चाचणी काढतील. १९६६ ते १९७३ या काळात, अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांना तिथं संपृक्त चरबीच्या जागी करडईचं तेल आणि त्याचंच मार्जरीन भरपूर दिलं होतं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण त्या गटात मृत्यू जास्त झाले. ती चाचणी मलाही खटकते, आणि म्हणूनच मी करडई प्या म्हणत नाही. एकाच तेलाचा मारा नको. शेंगदाणा बरोबर ठेवायचा, आणि ओमेगा-३ साठी जवस: जवसाच्या तेलातला निम्म्याहून जास्त भाग ओमेगा-३ चा असतो. जवस भाजून, कुटून, लसूण-तिखट घालून चटणी केली की जेवणात दोन चमचे जाते. कारळाची, तिळाची, शेंगदाण्याची चटणी आहेच. दुसऱ्या बऱ्याच चाचण्यांत संपृक्त काढून असंपृक्त दिल्यावर हृदयविकाराचे झटके कमी झालेत. सगळं मिळून माझा कौल त्या बाजूला आहे.

तर तुमचं ताट. कॉफीतलं खोबरेल आजपासून बंद, पूर्णपणे. तूप दिवसाला एक छोटा चमचा, वरणावर. पनीर पन्नास ग्रॅम, किंवा त्याऐवजी घरचं साय काढलेल्या दुधाचं दही. मूठभर शेंगदाणे. स्वयंपाकाचं तेल तुमच्या वाट्याला दिवसाला पाच छोटे चमचे. मांसाहार करत असाल तर चिकन आणि गोदावरीचा मासा चालेल. मटण कधीमधी, चरबीचे तुकडे बाजूला काढून. एवढ्या सगळ्यात संपृक्त चरबी वीस ग्रॅमच्या आत बसते.

आणि वरण बंद का केलं होतंत? तुरीच्या-मुगाच्या डाळीत, हरभऱ्यात, मेथीत, भेंडीत विरघळणारा चोथा असतो. तो आतड्यात पित्ताम्ल धरून बाहेर नेतो, मग यकृताला नवीन पित्तासाठी रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. शून्य डाळ आणि भरमसाट तूप हे एलडीएल वाढवायचं डाएट झालं. दोन्ही वेळा वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ घ्या. पालेभाजी भरपूर: आंबाडी, मेथी, चाकवत, थंडीत करडईची कोवळी पानं, हरभऱ्याची भाजी. रात्री पाण्यातून दोन छोटे चमचे इसबगोल घेतलं तर एलडीएल थोडं आणखी उतरतं. गोळ्या मात्र त्याच्या तास-दोन तास आधी घ्या.

भाकरी अर्धी खा. आपल्याकडची एक भाकरी ऐंशी ग्रॅम पिठाची धरली तर त्यात ५५ ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट असतं, अर्धीत २७-२८. दोन्ही वेळेच्या अर्ध्या-अर्ध्या भाकरी, वरण, भाज्या, दही मिळून दिवसाचा आकडा १३० च्या आत राहतो, आणि लो-कार्ब म्हणायला तेवढं पुरतं. जेवणानंतर दोन तासांनी साखर बघा. १८० च्या आत असेल तर अर्धी भाकरी तुम्हाला मानवते. पुढं गेली तर चतकोर करा. जेवण झालं की दुकानात लगेच गादीवर टेकू नका, दहा-पंधरा मिनिटं बाजारपेठेत चक्कर मारा.

राहिली गोळी. इथं मी तुमच्या डॉक्टरांच्या बाजूनं आहे. माझ्या मते, तुमचं एलडीएल १२२ होतं तेव्हाच ही चर्चा व्हायला हवी होती. चाळिशी ओलांडलेल्या, डायबेटिस असलेल्या माणसाला स्टॅटिन देतात ती केवळ एलडीएलचा आकडा बघून नाही. २००४ साली कार्ड्‌स नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. डायबेटिस आहे, हृदयविकार नाही, एलडीएल फार वाढलेलं नाही, अशा २,८०० हून अधिक लोकांत निम्म्यांना १० मिलिग्रॅम अॅटोर्वास्टॅटिन दिली. त्यांच्यात हृदयाचे आणि मेंदूचे मोठे झटके ३७ टक्क्यांनी कमी झाले. तुमच्याकडं त्यात भर आहे ती वडिलांची. बापाला किंवा सख्ख्या भावाला ५५ च्या आत अटॅक येणं ही धोक्याची खूण आम्ही वेगळी मोजतो. अशा माणसाचं एलडीएल ७० च्या खाली हवं. मध्यम डोसची स्टॅटिन साधारण ३० ते ५० टक्के उतरवते. १८८ चे ४० टक्के गेले तरी ११३ राहतात. ताट बदलून १२० वर आलात आणि मग ४० टक्के गेले, तर ७२. म्हणून गोळी का डाएट, असा प्रश्नच नाही. दोन्ही लागतील.

स्टॅटिननं काहींचे स्नायू दुखतात. तसं झालं तर डॉक्टरांना सांगायचं, ते डोस किंवा औषध बदलतात. परस्पर सोडायची नाही. साखर किंचित वाढू शकते, हे खरं आहे, पण तुमच्या बाबतीत फायदा त्याच्या कितीतरी वर आहे. सुरू करण्याआधी यकृताची तपासणी आणि थायरॉइडचं टीएसएच करून घ्या. थायरॉइड मंदावलेलं असलं तरी एलडीएल चढतं, आणि ते तपासायचंच राहून गेलं असं पुष्कळदा होतं. लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनही वर्षभरात झालं नसेल तर त्याच वेळी करा. नवं ताट आणि गोळी सुरू होऊन आठ आठवडे झाले की त्याच लॅबमध्ये, दहा-बारा तास उपाशी राहून लिपिड पुन्हा करा. चढ चढताना किंवा गठ्ठे उचलताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असं काही होत असेल, तर आठ आठवडे थांबायचं नाही. नांदेड गाठून त्याच दिवशी दाखवायचं.

मिसेसना सांगा, दोन स्वयंपाकांची गरज नाही. भाजी, वरण, चटणी, भरीत, दही सगळ्यांना एकच, एकाच तेलातलं. पोरांना आणि त्यांना पाहिजे तेवढी भाकरी, तुम्हाला अर्धी. पोरांच्या भाकरीवर तूप पडलं तरी चालेल, ती खेळतात-पळतात. फक्त तुपाची बरणी तुमच्या हाताशी ठेवायची नाही. वाढणाऱ्यानं चमच्यानं वाढायचं. उरलेल्या खोबरेलचा डबा टाकून देऊ नका, डोक्याला लावायला वर्षभर पुरेल.